२८ लिटरचा ओटीजी वर्षभर वापरल्यावर: रॉड बदलून झाला, टायमरच्या घंटीचं काय?

गेल्या महिन्यात माझ्या ओटीजीचा, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलचा, खालचा एक तापणारा रॉड गेला, कंपनीशी वाजलं, आणि बरेच दिवस राहून गेलेलं हे लिहायला मुहूर्त लागला. २८ लिटर, १५०० वॅट, समोर तीन गोल बटणं, आत पंखा नाही. बाकीची माहिती खोक्यावर छापलेली असतेच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले सगळे डबे साधारण सारखेच.

घेतला तो मुलांच्या चार-साडेचारच्या भुकेसाठी. घरात एक दहावीतला, एक आठवीतली. दप्तर सोफ्यावर पडतं आणि ट्यूशनला निघायच्या आत पोटात काहीतरी भक्कम लागतं. बिस्किटाचा पुडा पाच मिनिटांत संपतो, तासाभरात पोट्टे पुन्हा फ्रिज उघडून उभे. रोज आलुबोंड्याला पैसे द्यायचे माझ्या जिवावर यायचं. बेकरीच्या केकमध्ये मैदा आणि साखरच जास्त, त्याने जिभेचं भागतं, पोटाचं नाही.

माझा नेहमीचा केक असा: दीड कप कणीक, अर्धा कप नाचणीचं पीठ, एक कप दही, पाव कपाच्या थोडं वर तेल, अर्धा कप भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, मूठभर खजूर. पाऊण कप गूळ अर्धा कप कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, गाळायचंच, खडे निघतात. अंड्यांऐवजी जवस. दोन मोठे चमचे जवसाची पूड तशाच सहा चमचे पाण्यात भिजवली की दहा मिनिटांत चिकट होते आणि दोन अंड्यांचं काम भागवते. जवस आपल्याकडे चटणीसाठी घरात असतंच. नाचणी यापेक्षा वाढवू नका. तिच्यात पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नाही, त्यामुळे केक कापताना भुगा होतो. पोटाला खरा आधार शेंगदाण्याचा, शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं.

कणकेतला कोंडा पाणी हळूहळू ओढतो, म्हणून सगळं कालवून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा सोडा शेवटी, भांडं ओव्हनमध्ये सरकवायच्या आधी. दही आंबट असलं की सोडा लगेच फसफसतो. तेवढ्यात फोन वाजला तरी घ्यायचा नाही.

आता ओव्हन. पहिल्या काही महिन्यांत मी याला पाचपैकी दोनच दिले असते. १८० वर ठेवला की वरून काळपट आणि मधे ओला. गूळ आधीच साखरेपेक्षा लवकर करपतो, पण इतका? मग आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणला. बटण १८० वर, काटा २०० ला टेकलेला. पुन्हा पुन्हा बघितलं, फरक तेवढाच. म्हणजे ओव्हन खोटं बोलतो, पण रोज सारखंच खोटं बोलतो, आणि त्याच्याशी जमवून घेता येतं. आता बटण १४५ च्या आसपास ठेवते, आत १६५ मिळतं, पन्नास मिनिटांत केक तयार. वर छान तपकिरी, आतून मऊ, आणि दुसऱ्या दिवशी आणखी चांगला लागतो. तेव्हा मत बदललं. उष्णतेला चार.

घंटीला शून्य. उणे देता आलं असतं तर उणे.

टायमर संपला की एकदा, फक्त एकदा, 'टिक्' म्हणते. सायकलच्या घंटीला चिंधी गुंडाळून वाजवावी तसा आवाज. जानेवारीत, दारं-खिडक्या बंद असताना, ओट्याशी उभं राहिलं तर ऐकू येतं. पण नागपूर आहे राजेहो! मार्चच्या शेवटापासून हॉलमध्ये कूलर सुरू होतो तो पाऊस पडेपर्यंत, आणि त्या घरघरीत प्रेशर कुकरची शिटी कशीबशी पोहोचते. टायमर संपला की रॉड आपोआप बंद होतात हे मान्य, घर जळणार नाही. पण गरम डब्यात केक तसाच बसून राहतो आणि कडा वाळून टोस्ट होतात. मुलगी म्हणते, "आई, वाजलीच नाही ती." वाजली होती. वाजून गेली होती.

शिवाय दहा मिनिटांच्या आतली वेळ लावायची तर बटण आधी पुढे नेऊन मागे आणावं लागतं, नाहीतर तेवढीही टिक् येत नाही. हे माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात आहे. आणि पंचेचाळीस लावले की चाळिशीतच संपतं. घरचे म्हणतात मोबाइलवर गजर लाव. लावते. पण मग टायमरचे पैसे माझ्याकडून कशाला घेतले?

कंपनीचा मुलगा घरी आला तेव्हा त्याला वाजवून दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "काकू, टायमर बरोबर आहे न. तुमचा कूलर आवाज करून राहिला." कूलर बंद केला, पुन्हा वाजवली. तो म्हणाला, "आली न आता?" यावर काय बोलणार!

तो आला होता रॉडसाठी. केक वरून झालेला, सुरी स्वच्छ निघाली, पण भांडं उलटं केलं तर तळाची एक बाजू पांढरट आणि चिकट. भांडं फिरवून दुसरा केला, पुन्हा ओव्हनच्या मागच्याच बाजूला कच्चा. मग स्वयंपाकघरातला दिवा घालवून, ओव्हन रिकामाच लावून काचेतून बघितलं. वरचे दोन आणि खालचा पुढचा, तिघे केशरी लाल. मागचा काळाच. बटण वर-खालच्या दोन्ही रॉडच्या मोडवर ठेवून बघायची ही युक्ती फुकट आहे, तुम्हीही करा.

कंपनीचं म्हणणं, वॉरंटी संपली (संपून जेमतेम काही आठवडे), चारही रॉडचा संच घ्यावा लागेल, एकटा मिळत नाही, वर भेटीचे पैसे वेगळे. बेरीज नव्या ओव्हनच्या तिसऱ्या हिश्शाला भिडत होती. मी म्हटलं, एक दिवा गेला तर घरातले चारही बदलता का? तो हसला, पण संच संचच राहिला. भेटीचे पैसे मात्र घेतले, पावती मागून घेतली मी.

दुसऱ्या दिवशी ओव्हन ऑटोत घालून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. दुरुस्तीवाल्या काकांनी जुना रॉड काढून लांबी मोजली, वॅट बघितले आणि मागच्या डब्यातून तसाच एक काढला. ऑटोचं भाडं रॉडपेक्षा जास्त पडलं. घंटीचं विचारलं तर म्हणाले, "ताई, तिला काही होत नाही, ती अशीच येते."

विजेचं: १५०० वॅट सलग तासभर चालला तर दीड युनिट, आणि आत हवं तेवढं तापलं की थर्मोस्टॅट मधे मधे वीज तोडतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. मी दोन लांबट भांडी एकदम लावते, मधे आणि भिंतींपाशी बोटभर जागा सोडून, म्हणजे एका विजेत तीन दिवसांचं खाणं. मे महिन्यात दुपारी लावायचा विचारही करू नका. पहाटे पाचला करून मोकळं व्हायचं. प्लग १६ अँपिअरचा आहे, सॉकेट आधी बघून ठेवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, संत्री आली की अर्ध्या दह्याऐवजी रस घालते आणि वरची साल किसून गुळात चोळते. आपल्या संत्र्याची साल सैल, किसणीखाली दबते, म्हणून सोलायच्या आधी अख्खं फळ फिरवत हलक्या हाताने किसायचं. पांढरं आलं की थांबायचं, ते कडू. हा केक मुलगा मित्रांना डब्यात नेतो आणि डबा रिकामा येतो, बाकी दिवशी अर्धा तरी परत येतो.

घ्यावा का? घ्या, सणाच्या सवलतीत घ्या, पूर्ण किमतीला नको. फक्त दुकानात पैसे द्यायच्या आधी टायमर लावायला सांगा, चार पावलं लांब जाऊन उभे राहा, आणि घंटी कानाला आली तरच कार्ड काढा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.