कांचनजुंगा कुठून बघावी: संदकफू की गोएचाला?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला सोंसोगड डोंगर चढल्यापासून वाळपईच्या आमच्या गटाला भारत-नेपाळ सीमेवरच्या ८,५८६ मीटरांच्या कांचनजुंगेचा ध्यास लागलाय. संदकफू (३,६३६ मीटर) हा डोंगरमाथा त्याच सीमेवर आहे. जीप वर जाते, म्हणजे आईबाबांनाही नेता येईल. पहाटे तिथून कांचनजुंगा झोपलेल्या बुद्धासारखी आडवी दिसते. आभाळ मोकळं असलं तर दूरवर एव्हरेस्टही.

सिक्कीममधली गोएचाला खिंड मात्र युकसम गावापासून पायीच. रात्री बाटलीतलं पाणी गोठतं, समुद्रकाठच्या माणसाला विरळ हवेत चार पावलांवर धाप लागते. पण शिखर अगदी समोर उभं राहतं! १९५५ मध्ये पहिल्यांदा चढलेले गिर्यारोहक सिक्कीमच्या लोकांची श्रद्धा राखून माथ्याच्या किंचित अलीकडे थांबले. ती जागा मला जवळून न्याहाळायचीय. माझं मत गोएचालाला, ऑक्टोबरात.