थेरपिस्ट नंबर ३ ला पाच स्टार, नंबर १ ला किती द्यायचे ते अजून ठरत नाहीये

रिव्ह्यू खरं तर एकाचाच आहे, पण आधीच्या दोघांबद्दल बोलल्याशिवाय तो कळणार नाही, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी भानगड म्हणजे घराचं कुलूप. लावायचं, ओढून बघायचं, जिना उतरायचा, अर्ध्यातून परत वर. कधी चार वेळा, कधी अकरा. हाताला त्या लोखंडाचा वास यायचा इतकं ते ओढलेलं असायचं. रोज उशीर व्हायला लागला तेव्हा बायको म्हणाली, अरे आता कुणाला तरी दाखव, मी नाही रोज खालून हाका मारणार.

नंबर १ मॅडम मित्राने सुचवलेल्या. इतकं शांतपणे ऐकून घेणारं माणूस मी बघितलं नव्हतं. मी वडिलांबद्दल बोललो, शाळेबद्दल बोललो, दोनदा रडलो पण. बाहेर पडताना पिसासारखं हलकं वाटायचं आणि घरी आलो की कुलूप होतं तिथंच. एकदा त्या म्हणाल्या, निघताना फोटो काढून ठेवत जा, शंका आली की बघायचा. मी खूश! दोन आठवड्यांत फोनमध्ये दीडशे फोटो, सगळे एकाच कुलपाचे, आणि वर नवीन शंका की हा फोटो आजचाच आहे का कालचा. सात महिने गेलो. चांगल्या माणसाला सोडून कसं जायचं, हा एवढाच विचार.

नंबर २ ॲपवरून मिळाला. पन्नास मिनिटांतली तीस तोच बोलला आणि मी कुलूप म्हणायच्या आत वर्कशीट पाठवून मोकळा. दोन सेशन, विषय संपला.

तिसऱ्या वेळी मात्र आधी फोनवर पंधरा मिनिटं मागून घेतली आणि कागदावर लिहिलेले प्रश्न सरळ विचारले. ओसीडीची (एकच शंका परत परत येते आणि तेच तेच करावं लागतं, तो माझा आजार) माणसं नेहमी बघता का? कुठली पद्धत वापरता? घरी मला काय करावं लागेल? आणि फरक पडत नाहीये हे आपल्याला कधी आणि कसं कळणार? विचारताना घसा कोरडा पडला होता, वाटलं हे चिडणार. सर चिडले नाहीत. ईआरपी म्हणाले, म्हणजे ज्याची भीती वाटते तिथं मुद्दाम जायचं आणि नेहमीची ती तपासातपासी करायची नाही. हे काही नवं फॅड नाही, व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच असे पेशंट बरे केल्याचं लिहून ठेवलंय.

पहिल्याच सेशनला दहा प्रश्नांची एक स्केल भरून घेतली, येल-ब्राऊन म्हणतात तिला, चाळीसपैकी माझे सव्वीस. (मार्क जास्त पडले म्हणून वाईट वाटण्याची आयुष्यातली पहिली वेळ.) मग भीतीची शिडी केली, प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर आकडा. कुलूप एकदाच लावून कोपऱ्यापर्यंत चालत जायचं, ऐंशी. मी तिथं उभं राहून विचारलं, सर लागलं असेल ना? तर म्हणाले, माहीत नाही. एवढंच! डोक्यात सणक गेली. नंतर समजावलं की ओसीडीत "लागलंय हो" असं कुणी म्हटलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी शंका दुप्पट जोरात येते. दीडशे फोटोंचा उलगडा तिथं झाला.

चौथ्या सेशनला मी स्पष्ट बोललो की तुमची घाई मला झेपत नाहीये. मला वाटलं आता लेक्चर मिळणार, पण त्यांनी शिडी पुढे घेतली आणि मध्ये दोन पायऱ्या वाढवल्या. पाच स्टार खरं तर त्या दोन पायऱ्यांना आहेत. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की थेरपीतल्या नात्यात तीन गोष्टी लागतात, ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत, आणि आपुलकी. मॅडमकडे आपुलकी भरपूर होती, पण आपण नेमकं काय बरं करतोय हे सात महिन्यांत ना त्यांनी विचारलं ना मी सांगितलं. चूक अर्धी माझी.

तक्रारी पण आहेत. अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, आणि सर गोड बोलणाऱ्यांतले नाहीत, रडायला जायचं असेल तर तिकडे जाऊ नका. गोळ्या ते देत नाहीत, ते काम सायकायट्रिस्टचं. लागल्या तर पाठवतो म्हणाले होते, मला लागल्या नाहीत.

आता नंबर १ चं काय करू? माझ्या मावसबहिणीचा नवरा गेला तेव्हा मीच तिला त्या मॅडमचा नंबर दिला आणि ती म्हणते त्यांच्यामुळे मी उभी राहिले. मग दोन स्टार कसे देणार?

सोळा सेशन झाली, सव्वीसाचे अकरा झालेत. पुढची भेट महिन्याने. आज सकाळी कुलूप दोनदा ओढलं, ते सांगावं लागणार.