सिक्युरिटी स्क्रू उघडायचेत: ११५ बिटांचा सेट घ्यावा की सुटे लांब ड्रायव्हर?

वस्तू उलटी केली आणि खाली तीन पाकळ्यांचा नाहीतर मधे पिन असलेला स्टार स्क्रू दिसला की घरातले सगळे स्क्रूड्रायव्हर निकामी. मग ऑनलाइन शोधायला गेलं की आधी ११५ बिटवाले (बिट म्हणजे एकाच मुठीत बदलून बसवायची छोटी टोकं) सेटच समोर येतात, आणि ते बघून वाटतं की एकदाच घेऊन टाकावा, कटकट मिटली. दुसरा रस्ता म्हणजे लागेल तो ड्रायव्हर सुटा घ्यायचा, बारीक लांब दांडीचा, मुठीला कायमचा बसवलेला. माझ्याकडे दोन्ही आहेत, नात्यातल्या आणि मित्रांच्या बऱ्याच वस्तू माझ्याच टेबलावर उघडल्या जातात, त्यामुळे जे लिहितोय ते वापरून लिहितोय, मोजमाप केलेलं नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

जुगाडाचं आधीच सांगून टाकतो. पिनवाल्या टॉर्क्सची, म्हणजे त्या स्टार स्क्रूची, पिन बारीक फ्लॅट ड्रायव्हरने मोडायची आणि मग साधा टॉर्क्स घालायचा, हे बरेच जण करतात आणि स्क्रू निघतोही, पण ती मोडलेली पिन म्हणजे धातूचा तुकडा, तो आत बोर्डवर जाऊन पडला तर दुरुस्त करायला घेतलेली वस्तू शॉर्ट होऊ शकते. मी तरी कुणाला सांगणार नाही.

आता सेट. सेटची खरी ताकद फोन, लॅपटॉप आणि छोट्या गॅजेट्समधे दिसते. आयफोनच्या खालच्या कडेला ०.८ मिमीचा पाच पाकळ्यांचा पेंटालोब असतो, मॅकबुक एअरच्या तळाला तोच १.२ मिमीचा, आयफोन ७ पासून पुढे आत तीन पाकळ्यांचा वाय-०००, आणि निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलला किंवा त्याच्या जॉय-कॉन कंट्रोलरला त्याहून मोठा वाय-००. हे सगळं सुटं जमवत बसायचं तर चार दुकानं हिंडावी लागतील, सेटमधे एका डबीत मिळतं. जॉय-कॉनची स्टिक आपोआप सरकायला लागते म्हणून ती बदलायला कुणी निघाला असेल तर त्याला वाय-०० आणि बारीक प्लस एवढंच लागतं, दोन्ही सेटमधे असतात आणि स्क्रूही वरच, हाताशी असतात. तिथे सेटबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

फक्त स्टील बघून घ्या. ०.८ मिमीच्या टोकाला मऊ स्टील अजिबात चालत नाही, घट्ट बसलेला स्क्रू फिरवायला गेलं की टोकच पिळवटतं आणि जाताना स्क्रूचं डोकंही खाऊन जातं. एस-२ या कडक स्टीलचे २४ नाहीतर ३२ बिट असलेला सेट मला ११५ वाल्यापेक्षा कधीही बरा वाटतो. ११५ मधे निम्मे बिट साधे प्लस-मायनस आणि षटकोनीच असतात, आकडा फुगतो, कामाचे तेवढेच राहतात.

आता ज्या गोष्टीमुळे माझा निर्णय झाला ती सांगतो, कारण ती प्रॉडक्टच्या फोटोत कधीच दिसत नाही. या छोट्या सेटमधले बहुतेक बिट ४ मिमीच्या षटकोनी बुडाचे आणि साधारण २८ मिमी लांब असतात, त्यातला खरा बारीक भाग टोकाचा थोडाच, आणि बाकीचा जाड भाग आणखी जाड होल्डरमधे, म्हणजे बिट धरणाऱ्या मुठीच्या तोंडात, जातो. स्क्रू वरच असेल तर काही प्रश्न नाही. पण एक्सटेन्शन बोर्ड, मिक्सरचा तळ, इस्त्रीचं मागचं झाकण, गेमचा कंट्रोलर, यांच्यात बऱ्याचदा स्क्रू अरुंद भोकात खोल बसवलेला असतो, आणि होल्डर त्या भोकाच्या तोंडाशीच अडतो. बिटचं टोक स्क्रूला नुसतं लागतंय असं जाणवतं पण पूर्ण बसत नाही. जोर लावला की होल्डर प्लास्टिकवर घासून पांढरा भुगा पाडतो, टोक अर्ध्या खाचेत फिरतं आणि स्क्रूचं डोकं जातं. बरं, होल्डरचं चुंबक कमजोर असेल तर हात वर घेतला की बिट खालीच राहतो, भोकात उभा. मग चिमटा आणा, वस्तू उलटी करून ठोका, बिट काढा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सेटबरोबर येणारी एक्सटेन्शन दांडीही इथे कामाची नाही, कारण तिचंही तोंड होल्डरइतकंच जाड असतं.

एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर हे याचं अगदी जवळचं उदाहरण. त्याला पिनवाले टी-८, म्हणजे आठ नंबरचे टॉर्क्स, एकूण सात असतात, त्यातला सातवा बॅटरीच्या कप्प्यात बारकोडच्या स्टिकरखाली लपलेला, आणि तो माहीत नसलेला माणूस सहा काढून कव्हर ओढत बसतो आणि क्लिप मोडतो. स्टिकरवर बोट दाबत फिरवलं की भोकाचा खळगा लागतो, तिथे स्टिकर टोचायचं. हे सातही सेटच्या होल्डरने काढताना माझा जीव मेटाकुटीला येतो, आणि त्याच कंट्रोलरला सुटा लांब टी-८ लावला की दांडी सरळ तळापर्यंत जाते, खाचेत बसल्याचा 'टक' हाताला कळतो, अर्धा वळसा दिला की स्क्रू सैल. परदेशातून कुणी निन्टेन्डोचा जुना गेम कन्सोल गेमक्यूब आणला असेल तर त्याचीही हीच गत आहे, त्याचे ४.५ मिमीचे गेमबिट नावाचे खास स्क्रू खोल आणि अरुंद भोकात असतात, तिथेही बारीक दांडीचाच ड्रायव्हर लागतो.

सुट्यांचा तोटा उघड आहे. प्रत्येक साइजला वेगळे पैसे, ड्रॉवरमधे पसारा, आणि नेमका लागणारा नसला की काम तिथेच थांबतं. पण माझा अनुभव असा की घरगुती वस्तूंना फार प्रकार लागतच नाहीत. पिनसाठी टोकाला भोक असलेले टी-८, टी-१० आणि टी-२०, एक वाय, आणि त्रिकोणी खाचेचा २.३ मिमीचा, एवढ्यात माझं बहुतेक काम भागतं. भोकवाला टॉर्क्स बिनपिनच्या साध्या टॉर्क्सलाही चालतो, म्हणून साधा वेगळा घेऊच नका. खर्चाचं म्हणाल तर बऱ्या सेटच्या पैशात हे पाच येतात किंवा थोडे वर लागतात, दुकानावर आहे.

टी-२० चं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट जरा कळकळीने सांगतो. मायक्रोवेव्हच्या मागच्या झाकणाला बऱ्याचदा एखादा असा वेगळा स्क्रू मुद्दाम लावलेला असतो आणि त्याला कारण आहे. आतल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. ड्रायव्हर हातात आहे म्हणून मायक्रोवेव्ह उघडू नका, ज्याला कपॅसिटर डिस्चार्ज करायची सवय आहे त्यालाच उघडू दे. आणि कुठलीही वस्तू असो, आधी वॉरंटी संपलीय का ते बघा, सील तुटलं की कंपनीशी बोलायला जागा राहत नाही.

तर मी कुठे झुकतोय ते कळलंच असेल. फक्त फोन-लॅपटॉप उघडणार असाल तर एस-२ चा छोटा सेट घ्या, माझी काही हरकत नाही. पण घरातल्या प्लास्टिकच्या वस्तू आणि कंट्रोलर उघडायचे असतील तर मी सुट्यांकडेच जाईन, आणि सेट नंतर कधीतरी. ठरत नसेल तर त्या भोकात काडेपेटीची काडी घालून बघा, अर्ध्याच्या वर आत गेली तर सेटचा होल्डर बहुधा अडणार.

घ्यायला जाताना पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे मोबाइल रिपेअरचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथे सुटे मिळतात. शक्य असेल तर वस्तूच पिशवीत घालून न्या. 'वाय' म्हणून मागितलं तर ०० च्या जागी ००० हातात येऊ शकतो आणि घरी आल्यावर तो खाचेत गरगर फिरतो. काउंटरवरच ड्रायव्हर भोकात घालून स्क्रू थोडा सैल करून बघायचा, दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. आणि दांडी टोकापासून मुठीपर्यंत सारखी बारीक आहे ना ते बघा, काहींची टोकाला बारीक आणि मधेच जाड होते, ती खोल भोकात होल्डरसारखीच अडते.