अकूस्टिक गिटारवर ब्लूज: दिवाळी ते श्रावण

पहिल्यांदाच गिटार हातात घेणाऱ्याने ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत झालंय. त्यासाठी दहा हजारांच्या आसपासची साधी अकूस्टिक पुरते, फक्त दुकानातून आणली तशीच वाजवायची नाही. दिवाळीत घेतलेली माझी गिटार श्रावण लागला तरी नाशकातल्या सातपूरची शिफ्ट संपली की रोज बाहेर निघते, म्हणून हे लिहितोय.

आधी वाद्य. नव्या गिटारच्या तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, फार उंच होत्या. जोरात दाबल्याशिवाय आवाज निघेना, आणि जोरात दाबलं की सूर चढायचा. नाशकातल्याच एका कारागिराकडून खाली तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी घासून घेतली, मानेतला रॉड जुळवून घेतला आणि बाराच्या सेटऐवजी दहाच्या पातळ तारा चढवल्या (हा आकडा जाडीचा, सर्वांत बारीक तार इंचाच्या किती हजारांश जाड ते सांगणारा). वाद्यच बदलल्यासारखं वाटलं. पातळ तारांनी आवाज थोडा कमी होतो, पण ब्लूजमध्ये तार ओढावी लागते आणि जाड तारांवर नवशिक्याची बोटं तेवढी ताकद लावूच शकत नाहीत. अकूस्टिकच्या तिसऱ्या तारेवर (सर्वांत बारीक ती पहिली) धातूची गुंडाळी असते, त्यामुळे दहाच्या सेटवरही ती इलेक्ट्रिकसारखी सहज पूर्ण सूर वर जात नाही. अर्धा सूर मात्र नीट येतो. पावसाळ्यात तारा लवकर गंजल्या. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसणं आणि गिटार पिशवीत ठेवणं एवढंच त्यावर करता येतं.

आता शिकण्याबद्दल. मी लावलेल्या क्लासमध्ये हिंदी गाण्यांचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गट, शिकवत. ब्लूज मला स्वतःच शोधावं लागलं. त्याचा साचा बारा बारचा, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. ए पट्टीत चार बार ए सेव्हन हा कॉर्ड, दोन डी सेव्हन, दोन परत ए सेव्हन, मग ई, डी, ए आणि शेवटी पुन्हा ई हे एकेक बार. तो शेवटचा ई तुम्हाला ओढत समेवर आणतो. तिन्ही कॉर्ड मोकळ्या तारांचे, ए सेव्हनला तर दोनच बोटं लागतात. बहुतेक व्हिडिओ ई पट्टीपासून सुरू होतात. तिथे बी सेव्हन लागतो, त्याला चार बोटं. म्हणून आधी ए पट्टीच घ्या.

खरं काम उजव्या हाताचं आहे. पाचवी तार मोकळी आणि चौथी दुसऱ्या फ्रेटवर, दोन्ही एकदम, दोनदा. मग चौथीवर चौथा फ्रेट, पुन्हा दोनदा. डीला हेच चौथ्या-तिसऱ्या तारेवर, ईला सहाव्या-पाचव्या तारेवर. डाव्या हाताला एवढंच. पण हे सरळ वाजवलं तर कवायत वाटते. त्यातला झोल मला कळेना, तेव्हा शेजारच्या तबला वाजवणाऱ्या काकांना ऐकवलं. ते म्हणाले, "अरे, मात्रेचे तीन भाग कर, पहिला आणि तिसरा वाजव, मधला रिकामा सोड. तिस्र आहे ही!" महिनाभर ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला साठवर लावून तेवढंच केलं. अमेरिकन ब्लूज गायक जिमी रीडची रेकॉर्डिंग्ज ऐका, हीच चाल किती निवांत चालते ते कळेल. जुना ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनच्या 1936 आणि 1937 च्या रेकॉर्डिंगवर माझा फार जीव आहे, पण तो खर्ज आणि सूर एकाच हाताने एकदम वाजवतो. ते ऐकायला ठेवा, शिकायला नंतर घ्या.

मला सगळ्यात जास्त दिलं ते सुरांनी. ब्लूजमध्ये सोलोसाठी वापरतात ती मायनर पेंटाटॉनिक ही पाच सुरांची मालिका म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागाचे सूर. कालिदास कलामंदिरात गाणं ऐकत वाढलेल्या कानाला ते लगेच सापडतात. पुढचा धक्का मोठा आहे. खाली वाजणाऱ्या ए सेव्हनमध्ये शुद्ध गंधार असतो आणि वर तुम्ही कोमल गंधार लावता. आपल्या गाण्यात कुणी असं केलं तर गुरुजी तिथेच थांबवतील. ब्लूजचा सगळा जीव त्या घर्षणात आहे. कोमल गंधाराची तार किंचित ओढून कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी सोडायची. ती जागा फ्रेटवर नाहीच, ती मींडेतच मिळते. ती पहिल्यांदा बरोबर लागली त्या संध्याकाळी मी जेवायला उशिरा उठलो. मध्यम आणि पंचमाच्या मधला तीव्र मध्यमही येता-जाता लावतात, त्यावर थांबत मात्र नाहीत.

नवशिक्यांना सोलोची घाई असते. त्यांनी ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग ऐकावा. तो एक ओळ गातो, थांबतो, मग गिटार उत्तर देते. दोन्ही एकदम करत नाही. ब्लूजची कडवीही बहुधा तशीच बांधलेली असतात: एक ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी उत्तरासारखी. प्रत्येकीला चार बार, त्यातले साधारण दोन गाण्याचे, उरलेले वाद्याचे. कीर्तनात बुवा थांबले की पेटीवाला जागा भरतो, तसंच. मी आता मराठीत ओळी गुणगुणतो आणि मधली जागा तीन-चार सुरांनी भरतो. पाचव्या फ्रेटजवळची एकच जागा पाठ आहे, तेवढ्यात भरपूर सांगता येतं.

अकूस्टिक कुणी घेऊ नये? ज्याला पहिल्या दिवसापासून लांब ओढलेले सूरच हवेत, किंवा ज्याच्या घरी रात्री आवाज चालत नाही, त्याने नऊच्या सेटची इलेक्ट्रिक आणि हेडफोन लागणारा छोटा ॲम्प घ्यावा. खर्च दुपटीच्या पुढे जाईल. बाकीच्यांनी आहे ती अकूस्टिक कारागिराकडून नीट जुळवून घ्यावी. मी या महिन्यात ई पट्टी धरली आहे. बी सेव्हनमध्ये करंगळी अजून वेळेवर पोचत नाही.