पन्नाशी कुठं करायची: अंदमान की लक्षद्वीप?

येत्या जानेवारीत मी पन्नास पूर्ण करतेय. शाळेतल्या आम्ही सहा मैत्रिणी: तिघी बेळगावात, दोघी खानापूरला, एक निपाणीला. गोवा चोर्ला घाटातून गेलं की हाकेच्या अंतरावर, तिथं कितीदा झालं. या वेळी बेटच हवं.

लक्षद्वीपचं पाणी मला जास्त ओढतं. प्रवाळाच्या कड्याआड शांत, उथळ खाजण. पोहता न येणारीलाही कमरेएवढ्या पाण्यात निर्धास्त उभं राहता येतं. पण भारतीयांनाही आधी परवाना काढावा लागतो, विमान कोचीहून अगत्तीला, आणि राहायची सोय मोजकीच. सहा जणींच्या सुट्ट्या जुळवताना एवढं सगळं जमवणं कठीण.

अंदमान लांब आहे, बेळगावच्या सांबरा विमानतळाहून विमानं बदलत जावं लागतं, खर्चही वाढतो. तरी माझं मन तिकडंच झुकतं. सेल्युलर जेलची ती अरुंद कोठडी आम्ही इतिहासाच्या पुस्तकात एकत्र वाचली; सावरकर १९११ साली तिथं पोचले. त्या दारात सहाजणींनी मिळून उभं राहायचंय. मग बोटीनं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. राधानगर किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे. जानेवारीत तिथं सव्वापाचच्या आसपासच सूर्य बुडतो, तेव्हा चारलाच वाळूवर बसायचं. केक तिथं मिळो न मिळो, डब्यात बेळगावचा कुंदा असेल. पहिला घास निपाणीवालीला. गेल्या वर्षी तिचं मोठं ऑपरेशन झालं.