कोडिंगचा वर्ग की बालनाट्याचा?

सहावीतल्या मुलीला शाळेनंतर कोडिंगच्या वर्गाला घालावे की बालनाट्याच्या, असा प्रश्न एका मैत्रिणीने विचारला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात मुलीच्या हाती काय उरेल, ही त्यामागची चिंता रास्त आहे.

खर्चाचा निर्णय लवकर होतो. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात तयार झालेली स्क्रॅच ही मुलांसाठीची कोडिंगची भाषा मोफत असली तरी त्यासाठी संगणक किंवा टॅब्लेट लागतो. तालमीला मोकळी खोली पुरते, मात्र मुलांना समजून घेणारा दिग्दर्शक मिळणे अवघड असते.

खरा विचार टिकाऊपणाचा करायला हवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग सुचवलेले आहे, पण आज्ञावली लिहिण्याचे पुष्कळसे काम आता यंत्रेच करू लागली आहेत. प्रश्नाचे तुकडे पाडणे आणि चूक शोधणे ही शिस्त तेवढी टिकेल, आणि यंत्राचे उत्तर तपासताना तीच उपयोगी पडेल. याउलट सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू करून रुजवलेल्या बालरंगभूमीवर मूल दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकते, सोबती वाक्य विसरला तर प्रसंग सावरते आणि आपल्याहून वेगळ्या माणसाच्या मनात शिरून पाहते. केवळ स्नेहसंमेलनापुरते पाठांतर करून घेणाऱ्या वर्गात मात्र यातले काहीच घडत नाही.

गटात बोलायला बिचकणाऱ्या मुलांसाठी नाटक निवडावे. घरी संगणक असून ज्यांना रचना उलगडण्याची ओढ आहे, त्यांना कोडिंग अधिक मानवेल.