जुन्या ट्रॅक्टरचे व्हॉल्व्ह: घरी घासायचे की हेड मशीनवर द्यायचं?

तीन सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर सकाळी लवकर सुरू होत नाही, चढाला दम टाकतो. नोझल आणि पंप तपासून झालेत. कमी कॉम्प्रेशनच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडूनही फरक पडत नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा नव्हेत, बहुधा व्हॉल्व्हच. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण, उतरवावंच लागणार. मग सहाही व्हॉल्व्ह पेस्ट लावून स्वतः घासायचे, की हेड सीट कटिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कड मशीनवर कापायला, पाठवायचं?

घासण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पेस्टचा एक डबा, रबरी कपाची काठी आणि एक निवांत दुपार, एवढ्यात काम होतं. जाड पेस्टने सुरुवात करून बारीकवर संपवायचं. काठी दोन्ही तळव्यांत फिरवताना मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून ठेवायचा, नाहीतर एकाच जागी चरे पडतात. सीटवर दीड-दोन मिलिमीटर रुंदीचं, कुठेही न तुटलेलं राखाडी कडं दिसलं की थांबायचं. प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या सीटवरच गेला पाहिजे, म्हणून पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून आकडे घालून ठेवा. शेवटी हेड डिझेलने धुऊन हवा मारा. पेस्टचा कण गाईडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यात, राहिला, तर तो गाईड आणि दांडा दोन्ही खातो.

एक्झॉस्ट (धूर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या तोंडावर खोल खड्डे असतील किंवा कड धारेसारखी पातळ झाली असेल, तर घासत बसू नये. ती कड तापून जळते. तिथे नवा व्हॉल्व्हच हवा.

माझं मत फिरवलं ते गाईडने. घासून झाल्यावर बहुतेक जण पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या हवा-धुराच्या वाटेत, डिझेल ओततात, पाच मिनिटं थेंब आला नाही की हेड बसवतात. ही चाचणी खोटी नाही, पण थंड आणि स्थिर व्हॉल्व्हची आहे. जुन्या इंजिनात रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा हात, दांड्याला बाजूला ढकलत आलेला असतो, त्यामुळे गाईडचं तोंड लांबट झिजतं. असा सैल व्हॉल्व्ह चालू इंजिनात दरवेळी थोडा वेगळ्या जागी आपटतो. घासून बनवलेलं कडं एकाच जागेशी जुळलेलं असतं. टेबलावर थेंब न गळणारा तोच व्हॉल्व्ह काही महिन्यांत पुन्हा फुसफुसतो, आणि पेरणी तोंडावर असताना हेड दुसऱ्यांदा उतरवावं लागतं. नवं गॅस्केट लागतं आणि वाफशाचे दिवस हातचे जातात, ते वेगळंच. हा दुसऱ्यांदाचा खोळंबा मला सगळ्यात महाग वाटतो.

म्हणून आधी गाईड पाहा. व्हॉल्व्ह सीटवरून बोटभर उचलून तोंडाला धरून हलवा. नव्या व्हॉल्व्हनेही डुगडुग जाणवली, तर दोष गाईडचा. काही इंजिनांत गाईड वेगळी नसते, हेडमध्येच बोर केलेली असते. तिथे बुश घालतात किंवा जाड दांड्याचा व्हॉल्व्ह वापरतात.

मशीनवरचं कामही डोळे झाकून सोपवू नये. सीट कटरचा दांडा गाईडमध्ये बसतो आणि तिथूनच मध्य घेतो. म्हणून आधी गाईड, मग सीट. उलट क्रमाने केलं तर पैसे वाया. नवी गाईड ठोकल्यावर तिचं भोक मापात आणणारा रीमर फिरवलेलाच हवा. ती फार घट्ट राहिली, तर एक्झॉस्टचा दांडा गरम होऊन अडकतो आणि पुश रॉड वाकतो. दुसरी भीती जास्त कापण्याची. सीट खाली गेली की व्हॉल्व्ह हेडमध्ये बुडतो, ज्वलनाची जागा वाढते, कॉम्प्रेशन घटतं आणि सकाळचा त्रास तसाच राहतो. हेड देण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्ह हेडच्या पातळीखाली किती आहे ते मोजून लिहून ठेवा, आणल्यावर पुन्हा मोजा. इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेपलीकडे गेला असेल, तर नवी सीट रिंग बसवून घ्या.

गाईड घट्ट, सीट फक्त काळवंडलेली आणि हेड पूर्वी फारसं न उघडलेलं असेल, तर घरी घासणं पुरेसं व्हावं. उगाच सीट कापून आयुष्य कमी करू नये. पण वीस-पंचवीस वर्षं शेतात राबलेल्या इंजिनात सहाही गाईड घट्ट सापडणं कमीच. माझा कल मशीनकडे: गाईड, सीट कटिंग, आणि शेवटी बारीक पेस्टचा हलका हात, तोही फक्त कडं सलग आलंय का ते पाहण्यापुरता.

बसवताना हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने वाक तपासा, सहा स्प्रिंगा शेजारी उभ्या करून बुटकी वेगळी काढा. टॅपेटचं माप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यातली गॅप, पुस्तकातलंच धरा, आणि ते थंड इंजिनाचं की गरम हेही वाचा. काही तास काम झाल्यावर टॅपेट पुन्हा बघा. नव्या सीटवर व्हॉल्व्ह थोडा बसतो, दांडा वर येतो आणि गॅप कमी होते. गॅप संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि नवी सीट पहिल्याच हंगामात जळते.